खेड्यातील जुन्या घरात एसी, गिझर आणि शेतात रताळ्यांसाठी शीतखोली : परवानगी कोणाकोणाची लागते?

खानापूरचा शेतकरी यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, पश्चिम भागातील एका खेड्यात आमचे आजोबांच्या काळातील कौलारू घर आहे. वडील ८१ वर्षांचे असून पक्षाघातानंतर गेले वर्षभर अंथरुणावर आहेत. एप्रिल आणि मे महिन्यांत त्यांच्या खोलीत दुपारी बसवत नाही, पाठीला घाम येऊन कातडी सोलते. पावसाळ्यात याच्या अगदी उलट स्थिती असते : चार महिने ओल आणि गारठा, सरपण भिजलेले, आणि न्हाणीघरातील तांब्याचा बंब पेटवण्यासाठी आईला आता खाली वाकवत नाही. म्हणून वडिलांच्या खोलीत दीड टनाचा एसी आणि न्हाणीघरात २५ लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर बसवावा, असे आम्ही ठरवले आहे. याशिवाय धाकट्या भावाची इच्छा आहे की शेतातील शेडशेजारी पाच टन माल राहील एवढी शीतखोली करावी, म्हणजे सुगीत भाव पडल्यावर रताळी लगेच विकावी लागणार नाहीत.

अडचण अशी आहे की परवानगीबाबत प्रत्येक जण वेगळे सांगतो. शहरातील एका दुकानदाराने सांगितले की काहीही लागत नाही, आमची दोन माणसे येऊन दोन तासांत यंत्र बसवून जातील. इंटरनेटवर मराठीत शोधले तर ग्रामसेवकाचा ना-हरकत दाखला आणि महावितरणचा अर्ज यांची माहिती मिळाली. ती घेऊन पंचायतीत गेलो तर तेथे अशी पद्धतच नसल्याचे समजले. माझा चुलतभाऊ अमेरिकेत एका ग्रामीण काउंटीत राहतो. त्याच्याकडे घर उबदार ठेवणारी जुनी भट्टी काढून नवी बसवायची तरी काउंटीचे परमिट घ्यावे लागते आणि नंतर तपासनीस येऊन पाहून जातो, असे तो म्हणतो.

आमच्या वीजबिलावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी घेता येणारी कमाल वीज, एक किलोवॅट छापलेला आहे आणि मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन १४ वर्षे झाली. दंड टाळायचा आहे हे खरेच, परंतु जो माणूस स्वतःहून उठून खोलीबाहेर येऊ शकत नाही त्याच्या खोलीत तारा तापून आग लागू नये, ही माझी खरी काळजी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

विद्युत कंत्राटदार, बेळगाव तालुका यांचे उत्तर

नमस्कार. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील खेड्यांत मी २२ वर्षे परवानाधारक विद्युत कंत्राटदार म्हणून काम करीत आहे. आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत आणि त्यांची दारेही वेगवेगळी आहेत, म्हणून आधी घराचे पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे इंटरनेटवरील मराठी माहितीविषयी. हा अनुभव आपल्या सीमाभागात मला जवळजवळ प्रत्येक घरी येतो. आपण मराठीत शोधतो, म्हणून समोर महाराष्ट्राचे नियम येतात. ते चंदगडच्या माणसाला लागू असतात, खानापूरच्या माणसाला नाहीत. तिकडे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ आहे, ग्रामसेवक (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) आहे, महावितरण आहे आणि सातबारा आहे. आपल्याकडे कर्नाटक ग्राम स्वराज आणि पंचायत राज अधिनियम १९९३ आहे, पंचायतीत पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) बसतात, वीज हेस्कॉम या कंपनीची आहे, जमिनीला सातबाराच्या जागी आरटीसी आहे आणि घराच्या जागेला ई-स्वत्तू या पंचायतीच्या संगणकीय मालमत्ता नोंदीचे फॉर्म ९ आणि फॉर्म ११ आहेत. महावितरणचा ग्राहक क्रमांक म्हणजे आपल्याकडचा आर.आर. नंबर. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून जुने शब्द असतात आणि घोटाळा वाढतो. दोन राज्यांचे नियम एकमेकांत मिसळून तयार केलेला अर्ज कोणत्याच कार्यालयात चालत नाही, आणि त्यात माणसाचा महिना-दीड महिना फुकट जातो, याचे मला फार वाईट वाटते.

आता मूळ प्रश्न. राहत्या घरात एसी किंवा गिझर बसवण्यासाठी यंत्रापुरते स्वतंत्र परमिट आपल्याकडे नाही. १९९३ च्या अधिनियमाचे कलम ६४ इमारत बांधणे, पुन्हा बांधणे आणि तिच्यात फेरफार करणे यांच्याशी संबंधित आहे. एसीचा बाहेरचा भाग भिंतीला लोखंडी ब्रॅकेटवर अडकवणे म्हणजे बांधकाम नव्हे. मात्र कौले उतरवून स्लॅब टाकणार असाल, परसात नवी खोली काढणार असाल किंवा भिंत पाडून दालन वाढवणार असाल, तर पंचायतीची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. बाहेरचा भाग गावठाणातील सार्वजनिक बोळावर पुढे येऊ देऊ नये आणि त्याची गरम हवा व पाणी शेजाऱ्याच्या दारात जाऊ नये, एवढे पथ्य पाळावे. कायद्यापेक्षा शेजारधर्माच्या कारणाने खेड्यात अधिक तक्रारी होतात.

खरा परवानगीचा विषय आहे तो मंजूर भाराचा. आपला भार एक किलोवॅट आहे. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात असताना साधारण दीड किलोवॅट घेतो, गिझर दोन किलोवॅट, अर्ध्या अश्वशक्तीची पाण्याची मोटर असेल तर ती सुमारे पावणेचारशे वॅट, आणि फ्रिज, मिक्सर, पंखे, दिवे वेगळे. म्हणजे घराची खरी मागणी चार ते पाच किलोवॅटच्या घरात जाते. भार वाढवून न घेता ही यंत्रे चालवणे हे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मधील अनधिकृत वापरात मोडू शकते. मंजूर भारापेक्षा अधिक वापर या कलमाखाली येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीताराम राइस मिलच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. या कलमाखाली आकारणी दराच्या दुप्पट होते आणि अनधिकृत वापर केव्हापासून सुरू आहे हे ठरवता आले नाही, तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरले जातात. दंडाहूनही गंभीर गोष्ट अशी की खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर आणि मीटरजवळची जुनी जोडणी एका किलोवॅटच्या हिशेबाने टाकलेली असते. ती तापते, वरचे आवरण कडक होते आणि एखाद्या रात्री कौलाखालच्या लाकडी वाशांजवळ ठिणगी पडते. दुकानदाराची माणसे यंत्र बसवतात, तार पाहत नाहीत.

त्यामुळे क्रम असा ठेवावा. प्रथम मीटर वारसांच्या नावावर करून घ्यावे, कारण मृत व्यक्तीच्या नावावरील जोडणीचा भार वाढवताना कागद अडतात. त्यासाठी घराचा फॉर्म ९ आणि ११ मधील उतारा, घरपट्टीची पावती, मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. ई-स्वत्तूमध्येच घर अजून आजोबांच्या नावावर असेल, तर सुरुवात पंचायतीतील वारसा नोंदीपासून करावी लागेल. याला वेळ लागतो, म्हणून उद्यापासूनच प्रारंभ करावा. त्यानंतर हेस्कॉमच्या शाखा कार्यालयात पाच किलोवॅटसाठी अर्ज द्यावा, परवानाधारक कंत्राटदाराचा वायरिंगचा चाचणी अहवाल जोडावा आणि वाढीव सुरक्षा ठेव भरावी. भार वाढला की स्थिर आकारही वाढतो, कारण तो प्रत्येक किलोवॅटमागे मोजला जातो.

गृहज्योतीचा, म्हणजे घरगुती मोफत विजेच्या राज्य योजनेचा, विचारही आताच करावा. सध्या आपले बिल शून्य येत असेल. एसी दिवसाला आठ तास चालला आणि तासाला सरासरी ०.८ युनिट धरले, तर महिन्याला १९२ युनिटे होतात. गिझर रोज अर्धा तास चालला तर आणखी ३०. घरातील बाकी वापर त्यात मिळवला की २०० युनिटांची मर्यादा ओलांडली जाते आणि त्या महिन्याचे पूर्ण बिल भरावे लागते, केवळ वरच्या युनिटांचे नव्हे. उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांसाठी ही रक्कम बाजूला काढून ठेवलेली बरी.

शेवटी त्या खोलीविषयी. कौलारू खोलीला खालून छत नसेल तर थंड हवा कौलांच्या फटींतून निघून जाते आणि दोन टनांचा एसीही पुरत नाही. आधी जिप्समचे किंवा पीव्हीसीचे छत लावून त्यावर उष्णतारोधक थर टाकावा. मग त्याच खोलीला कदाचित एक टनही पुरेल आणि युनिटे वाचतील. २०२० पासून ताऱ्यांचे लेबल असलेले घरगुती एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवर येतात. अंथरुणावरील वृद्ध माणसासाठी २६ किंवा २७ अंश आणि वर मंद पंखा हे अधिक सुखाचे असते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

काजू कारखानदार यांचे उत्तर

वरील उत्तर परिपूर्ण आहे. मी केवळ शीतखोलीविषयी लिहितो, कारण माझ्या काजूच्या छोट्या कारखान्यासाठी मी हा सगळा प्रवास केला आहे आणि नंतर मेहुण्याच्या शेतात रताळ्यांसाठी खोली उभी केली आहे.

सर्वांत महत्त्वाचे : शेतातील पंपाच्या जोडणीवर शीतखोली कधीही चालवू नये. सिंचनाच्या दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना आपल्याकडे वीज मोफत आहे, ती पंपापुरतीच. तिच्यावर दुसरे यंत्र लावले की ते मंजूर कारणाव्यतिरिक्तचा वापर ठरते आणि वर सांगितलेले कलम १२६ पुन्हा समोर येते. व्यवहाराच्या दृष्टीनेही ते निरुपयोगी आहे, कारण शेतीच्या फीडरवर (स्वतंत्र वीजवाहिनीवर) दिवसातील ठरावीक तासच थ्री फेज वीज असते आणि खोलीतील माल चोवीस तास थंड राहायला हवा. निरंतर ज्योती योजनेत गावठाणाचे फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळे केले गेले. म्हणून शक्य असल्यास शीतखोली गावालगत, गावठाणाच्या फीडरवर स्वतंत्र जोडणी मिळेल अशा ठिकाणी करावी. शेतातच करायची असेल तर सौरऊर्जेवर चालणारी आणि रात्रीसाठी थंडावा साठवून ठेवणारी खोली पाहावी.

जमिनीबाबत कर्नाटक भू-महसूल अधिनियम १९६४ चे कलम ९५ पाहावे लागते. स्वतःच्या शेतीच्या सोयीसाठी शेतात शेतघर किंवा गोठा-कोठारासारखी इमारत बांधण्यास त्यात मुभा आहे. आपलाच माल ठेवण्याची खोली त्या मर्यादेत बसवता येते. परंतु इतरांचा माल भाड्याने ठेवू लागलात की तो व्यवसाय होतो. मग जमीन बिनशेती करून घेणे, वीजयंत्रांसाठी १९९३ च्या अधिनियमातील कलम ६६ नुसार पंचायतीची परवानगी आणि अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालील नोंदणी हे सगळे मागे येते. शेतकऱ्याला स्वतःच्या पिकासाठी अन्नसुरक्षा कायदा लागू नाही, व्यापाऱ्याला तो लागू आहे. भावाशी बसून हे आधीच ठरवा. पहिल्या वर्षी आपला माल, दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याचा, तिसऱ्या वर्षी भाडे, अशी वाट सहज लागते आणि कागद मात्र पहिल्या वर्षाचेच राहतात.

आता रताळ्यांविषयी, कारण येथे लोकांचे पैसे बुडताना मी पाहिले आहेत. रताळे म्हणजे बटाटा नव्हे. बियाण्याचा बटाटा २ ते ४ अंशांवर ठेवतात, म्हणून खोली बसवणारे रताळ्यांसाठीही तोच आकडा लावून देतात. रताळे १२ अंशांच्या खाली गेले की त्याला थंडी बाधते : गर काळवंडतो, शिजवल्यावर मधोमध टणक राहतो आणि बाहेर काढल्यावर आठवड्यात सडतो. त्याला १३ ते १५ अंश आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता हवी. त्याआधी, काढणीनंतर लगेच चार ते सात दिवस सुमारे ३० अंशांच्या दमट उबेत ठेवावे लागते, म्हणजे कुदळीने आणि हाताळणीने झालेल्या जखमांवर साल धरते. म्हणजे त्याच खोलीत प्रथम ऊब आणि नंतर थंडावा, अशी दोन्ही सोय लागते. विक्रेत्याकडून दरपत्रक घेताना हे चारही आकडे त्यात लिहून घ्यावेत.

कर्जासाठी २०२० मध्ये सुरू झालेला कृषी पायाभूत सुविधा निधी पाहावा. दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर त्यात वर्षाला तीन टक्के व्याजसवलत आहे.

जाता जाता गिझरबद्दल एक शंका दूर करतो. आमच्याकडे काजू उकडण्यासाठी वाफेचा बॉयलर आहे आणि त्याला बॉयलर निरीक्षकांची नोंदणी व तपासणी आवश्यक आहे. ते ऐकून गावातील काही जणांना वाटले की गिझरलाही ती लागेल. लागत नाही. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची किंवा ज्यात पाणी १०० अंशांच्या खालीच तापते अशी पात्रे बॉयलर कायद्याच्या व्याख्येबाहेर आहेत. तरीही गिझरची सुरक्षा झडप कधीही बंद करू नये. तिच्यातून पाणी ठिबकते म्हणून लाकडी खुंटी ठोकलेली मी प्रत्यक्ष पाहिली आहे आणि ती जीवघेणी गोष्ट आहे.

परदेशस्थ बेळगावकर यांचे उत्तर

आपल्या चुलतभावाचे म्हणणे त्याच्या गावापुरते खरे आहे. अमेरिकेत काउंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा. जो भाग कोणत्याही नगराच्या हद्दीत नाही, तेथे इमारतीचे नियम काउंटी पाहते, आणि बऱ्याच राज्यांत भट्टी, हीट पंप किंवा एसी बदलण्यासाठी तिच्याकडून मेकॅनिकल परमिट घ्यावे लागते. पण हे सर्वत्र सारखे नाही. टेक्सासमध्ये नगराबाहेरच्या भागात काउंटीला इमारतींविषयीचे अधिकार फार मर्यादित आहेत. तेथे एसीच्या कंत्राटदाराला राज्याचा परवाना असावा लागतो. देशभर समान असलेला नियम वेगळाच आहे : स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ नुसार, ज्याला यंत्रातील शीतवायूची नळी उघडायची आहे त्याच्याकडे पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमाणपत्र असावे लागते आणि शीतवायू मुद्दाम हवेत सोडण्यास मनाई आहे.

तेथील परमिट आपल्याकडे आणता येणार नाही, परंतु तेथील दोन सवयी आणता येतील. खोलीचे छत, भिंती, खिडक्या आणि दिशा मोजून किती टनांचे यंत्र लागेल हे आधी कागदावर काढतात. आपण मात्र दुकानात जाऊन टन विचारतो. दुसरे म्हणजे काम झाल्यावर बसवणाऱ्याव्यतिरिक्त दुसरा माणूस येऊन तपासतो. आपल्याकडे तसा तपासनीस येणार नसेल, तर कंत्राटदाराला थोडे पैसे देऊन ती तपासणी आपण स्वतःच करून घ्यावी. आजकालच्या आर-३२ आणि आर-२९० या वायूंच्या यंत्रांत तर ती हवीच, कारण पहिला थोडासा ज्वलनशील आहे आणि दुसरा म्हणजे प्रत्यक्ष प्रोपेन. बंद खोलीत झोपलेल्या रुग्णाजवळ नळीचा सांधा गळत नाही ना, हे साबणाच्या फेसाने किंवा गळतीमापकाने पाहून घ्यावे.

खानापूरचा शेतकरी

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. भावाला रताळ्यांचे आकडे वाचून दाखवले. ज्या विक्रेत्याशी आमचे बोलणे सुरू होते त्याने खरोखरच चार अंश लिहिले होते. आता दोनच शंका उरल्या आहेत. मला तीन आत्या आहेत आणि तिघीही कोल्हापूरकडे दिलेल्या, त्यांच्या संमतीला वेळ लागेल. तोवर वडिलांसाठी काही करता येईल का? आणि अर्ज दिल्यावर किती दिवस वाट पाहावी? आईला आणि मला कन्नड वाचता येते, पण लिहिण्याचा सराव नाही.

विद्युत कंत्राटदार, बेळगाव तालुका

आत्यांच्या संमतीचे प्रतिज्ञापत्र त्या आपल्या गावीच नोटरीसमोर करून पाठवू शकतात, त्यात आर.आर. नंबर आणि घराचा पंचायतीतील क्रमांक न चुकता लिहावा. तोवर एसी घेऊन ठेवू नये, छताचे काम मात्र करून घ्यावे. त्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही, आणि केवळ उष्णतारोधक छताने खोलीतील दुपारचा ताप किती उतरतो हे आपल्याला लगेच जाणवेल. सध्याच्या एका किलोवॅटमध्ये पंखा सहज चालतो, आणि दारा-खिडकीवर वाळ्याचे पडदे लावता येतात. गिझर मात्र भार वाढेपर्यंत मुळीच लावू नये. तोच सर्वांत जड आहे.

मुदतीबाबत, वीज ग्राहक हक्क नियम २०२० मध्ये २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ग्रामीण भागात नवी जोडणी किंवा असलेल्या जोडणीतील बदल १५ दिवसांत आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवसांत व्हावा असे आहे. ही मुदत अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण झाल्यापासून मोजतात, म्हणून कागद देताना तारखेची पोच घ्यावी. मुदत उलटली तर १९१२ वर तक्रार नोंदवून क्रमांक लिहून ठेवावा आणि त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे. अर्जाचा नमुना कन्नडमध्ये आहे, तो भरून घेण्यासाठी पंचायतीतील बापूजी सेवा केंद्राची मदत मिळते. गाऱ्हाणे मांडण्याची वेळ आलीच, तर ते राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत लिहिण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे. मराठीत लिहावे, मात्र सोबत कन्नड प्रत जोडली तर काम लवकर होते, हा माझा अनुभव.

वायरिंगसाठी एसी आणि गिझर यांना मीटरजवळच्या पेटीपासून स्वतंत्र तार घ्यावी, एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची, आणि दोन्हींच्या आधी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. अर्थिंगचा खड्डा नवा करावा. त्याचा रोध मे महिन्यात, जमीन कोरडी असताना मोजून घ्यावा. आपल्याकडे जुलैच्या चिखलात कोणतेही अर्थिंग उत्तम दिसते, आणि एसी तर उन्हाळ्यातच चालणार आहे. शक्यतो पाऊस लागण्यापूर्वी निरोप द्या, मी रोधमापक घेऊन स्वतः येईन.